साळूबाई आणि न सुकणारा हार

मखमलाबादच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाची सून कुणाशी बोलत नाही आणि कुणाच्या पोराचं लग्न कुठं अडलंय, ही सगळी माहिती माझ्याकडे असते. ओट्यावर खुर्ची टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्याला दुसरा उद्योग तो काय! पण या गल्लीत एक बाई अशी येते की तिच्यापुढे मी म्हणजे कालचं पोर. तिचं नाव साळूबाई. घरोघर फुलांचा रतीब घालते.

पाटाच्या कडेला तिची थोडीशी जमीन आहे. त्यात झेंडू, शेवंती आणि सणावाराला अष्टर. पहाटे फुलं तोडायची, उजाडेपर्यंत हार ओवायचे आणि जुन्या लुनावर दोन बाजूंना दोन टोपल्या बांधून निघायचं. अंगात लुगड्यावरून नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, आणि हेल्मेट घातलेलं असतं टोपलीला, फुलांना ऊन लागू नये म्हणून. आवाज असा की ती नाक्यावर "फुलंऽऽ" म्हणाली की आमच्या घरातला चहा उतू जातो.

आता गंमत बघा. दूधवाला दारापर्यंत येतो. पेपरवाला तर गेटमधूनच फेकून पळतो. ही बाई मात्र थेट देवघरापर्यंत जाते, कारण नवा हार द्यायचा आणि कालचं निर्माल्य न्यायचं, असा तिचा रिवाज. ते निर्माल्य ती आपल्या शेतात खड्ड्यात कुजवते आणि त्याच खताची फुलं पुन्हा आमच्या देवांना घालते. त्यामुळे पाहुण्यांना घराचा जो भाग कधी दिसत नाही, तो हिला रोज दिसतो. मोरीची मागची भिंत, जिन्याखालचा कोपरा, देवघराची फरशी. आणि तिथं कुठं लपून पाणी झिरपत असेल, तर ते या बाईला घरमालकाच्या आधी कळतं.

माझ्याच घरचं आधी सांगतो, म्हणजे अण्णा फक्त दुसऱ्यांचीच धुणी धुतो असं कुणी म्हणायला नको. आमच्या गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. मला संशय वरच्या भाडेकरूवर. तो दोन दोन वेळा अंघोळ करतो, असं मी गल्लीत बऱ्याच जणांना सांगूनही ठेवलं होतं. आमच्या सौभाग्यवतींना संशय माझ्यावर. साळूबाईनं हार देता देता आमचं भांडण ऐकलं आणि म्हणाली, "काकू, चिमूटभर हळद द्या." हळद घेऊन ती गेली कुठं, तर आमच्या संडासात! फ्लशच्या टाकीत हळद टाकली, दाराला बाहेरून कडी लावली आणि म्हणाली, "कुणी आत जायचं नाय. च्या टाका."

चहा झाला. दार उघडलं. कुणी फ्लश ओढला नव्हता, तरी खाली भांड्यातलं पाणी पिवळंधमक.

"बघा अण्णा," ती म्हणाली, आणि हे तिनं आत नाही, बाहेर ओट्यावर येऊन म्हटलं, "आतलं रबर गेलंय. टाकीतलं पाणी गुपचूप चाललंय वाहून आन तुम्ही त्या भाडेकरूच्या आंघोळी मोजताय!"

समोरच्या तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. तो भाडेकरू त्यानंतर महिनाभर मला जिन्यात भेटला की फार आदरानं नमस्कार करायचा.

ही विद्या तिनं कुठं शिकली? शेतात. लहानपणी तिच्याकडे दारं धरायचं काम असायचं. ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: विहिरीचं किंवा पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की फावड्यानं मातीचं दार लावून पुढच्या सरीत वळवायचं, याला म्हणतात दारं धरणं. मोटर तर चालू आहे, पण शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, म्हणजे मधे कुठंतरी उंदरानं नाहीतर खेकड्यानं बांधाला बीळ पाडलेलं असणार. बाप ओरडायचा, आणि ही पोर अनवाणी बांधावरून चालत जायची. जिथं पायाला माती गार लागते, जिथं गवत जरा जास्तच माजलंय, जिथं मुंग्यांनी घर हलवलंय, तिथं खणायचं.

"घर म्हंजे काय अण्णा, उभं शेतच," असं तिचं म्हणणं. "पाणी कुठून निघालं आन कुठं कमी पडलं, एवढंच बघायचं. आन ओल जिथं दिसती तिथं भोक नसतं. पाणी चालतं. वर फुटतं आन खाली येऊन रडतं."

पण बाई चुकत नाही असं समजू नका. एकदा मास्तरांच्या घरी तिनं भिंतीला कान लावला आणि छातीठोकपणे सांगितलं, "आत थेंब पडतोय, टिप टिप." मास्तरांनी नव्या कोऱ्या टाइल्स फोडल्या. आत खडखडीत कोरडं. भिंतीच्या पलीकडे मास्तरांच्या बायकोचं घड्याळ टांगलेलं होतं! हा किस्सा मला दुसऱ्या कुणी नाही, तिनंच सांगितला, गुडघ्यावर थापा मारत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. तेव्हापासून कुठल्याही भिंतीला कान लावण्याआधी तिचा हुकूम असतो, "आधी घड्याळं काढा."

तर आता कोंडाजीकडे वळतो. मूळ सांगायचंय ते त्याचंच.

कोंडाजी माझा शेजारी आणि पत्त्यातला भिडू. द्राक्षाचा बागायतदार. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याच्या हातून कुठलीही वस्तू सुटत नाही. द्राक्षाच्या मांडवाचे उरलेले लोखंडी अँगल त्याच्या बाल्कनीचं रेलिंग झालेत. औषधाचा ड्रम कापून नातवंडांसाठी टब करून ठेवलाय, आणि नातवंडांचा अजून पत्ता नाही. बंगला बांधताना त्यानं गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून शेतातलं काय काय त्या बंगल्यात जिरवलं, ते तो आणि तो गवंडीच जाणे.

त्याचा मुलगा महेश. त्याचं लग्न दिवाळीनंतर देवळ्याच्या पूजाशी झालं. तिच्या घरचा कांद्याचा व्यापार, पण पोरगी शिकलेली, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नुकतीच लागलेली. बोलायला मोजकी. सून येणार म्हणून महेशनं हट्टानं गच्चीवर सोलर बसवून घेतला. सोलरवाला पाइप कुठून न्यायचा म्हणून विचारत होता, तेव्हा मी तिथंच होतो. कोंडाजी म्हणाला, "नवा पाइप कशाला? बंगला बांधतानाच मी भिंतीत एक जादा घालून ठेवलाय. त्यालाच जोड." सोलरवाल्यानं जोडला. तो भिंतीतला पाइप देवघराच्या मागून खाली न्हाणीघरात उतरत होता.

लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत कोंडाजीची बायको नवसाबाई माझ्या घरी लगबगीनं आली. चेहरा असा उजळलेला, जसं काही नगरसेविकेचं तिकीट मिळालंय. "अण्णा, आमच्या देव्हाऱ्यातला हार सुकत नाय! काल घातलेला आज तसाच टवटवीत!"

मी गेलो बघायला. खरंच, खंडेरायाच्या टाकांना घातलेली शेवंती जशीच्या तशी. गल्लीतल्या बायका दर्शनाला यायला लागल्या. नवसाबाई तो हार निर्माल्यात द्यायची सोडून एकेक पाकळी प्रसाद म्हणून वाटायची. एक मीही खिशात घातली, खोटं कशाला बोलू!

त्या दिवसांत साळूबाई गावात नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला सिन्नरकडे गेली होती. तिचा मुलगा हार गेटला अडकवून निघून जायचा. ती असती तर ही सगळी कथा तिथंच आटोपली असती आणि माझी दोन महिन्यांची करमणूक बुडाली असती.

मग देवघराची भिंत घामेजायला लागली. काडेपेटीच्या काड्या सर्दावल्या. टाकांवर हिरवट चढलं. नवसाबाईचा चेहरा जरा उतरला. कोंडाजीनं बारकू प्लंबरला बोलावलं. बारकूनं गच्चीवर जाऊन टाकीची चावी बंद केली, दुसऱ्या दिवशी येऊन भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "नाना, पाणी बंद असून भिंत ओलीच. हे पाइपाचं पाणी नाही." आणि गेला. म्हणजे आता हे पाणी कशाचं, ते ठरवायला घर मोकळं झालं.

आणि मग एका सकाळी नवसाबाईनं किंकाळी फोडली. देव्हाऱ्याच्या फळीवर, भिंतीलगत सांडलेला भंडारा, पिवळाजर्द हळदीचा भंडारा, लालभडक झाला होता.

"रगात!" ती ओरडली. "खंडेराव कोपला!"

तिचा भाऊही खंडेरावच, निफाडकडचा. तो लगेच गाडी घेऊन आला. या गृहस्थाला देवाधर्मातलं फार कळतं, असं त्याचं स्वतःचं मत आहे. त्यानं निदान केलं: लग्न झालं, पण जागरण-गोंधळ झाला नाही. बागेचं काम चालू होतं, म्हणून कोंडाजीनं तो द्राक्षं निघाल्यावर करायचं ठरवलं होतं, आणि देवाला न विचारता सून घरात राबायला लागली. त्यामुळे जागरण होईपर्यंत सुनेनं माहेरी जाऊन राहावं.

वाक्य साधं वाटतं, नाही? पण आमच्याकडे नवी नवरी अशी माहेरी पाठवली की त्या मागोमाग दुसरं एक वाक्य आपोआप चालत येतं. ते मी दुकानात ऐकलं, पिठाच्या गिरणीवर ऐकलं. "पांढऱ्या पायाची." हे एकदा चिकटलं की पुढं घरात म्हैस आटली तरी त्या पोरीच्याच नावावर. जागरण होईल, ती परत येईल, पण ते शब्द काही परत जायचे नाहीत. हे पूजालाही कळत होतं. ती रोज ओझरहून कामावरून यायची आणि काही न बोलता ती भिंत फडक्यानं पुसायची. महेश आईकडे बघायचा, बापाकडे बघायचा आणि मोबाइलकडे बघायचा.

जायचा दिवस उजाडला. खंडेराव मामाची गाडी दारात. पूजाची बॅग दिवाणखान्यात. मी निरोप द्यायला म्हणून जाऊन देवघराच्या दाराजवळच्या आरामखुर्चीत बसलो होतो. म्हणजे निरोप द्यायलाच असं नाही, तुम्ही मला आता ओळखायला लागला असाल.

आणि गेटवर लुना थांबली. "फुलंऽऽ!"

साळूबाई त्याच दिवशी सिन्नरहून परतली होती. ती नेहमीसारखी तडक देवघरात शिरली, देवाच्या गळ्यातला हार काढला आणि तिथंच थबकली.

"वैनी, हा कवाचा?"

"परवाचा," नवसाबाई म्हणाली. "सुकतच नाय गं. आधी वाटलं देव पावला..."

"माझा हार हाय हा. ह्याला मी ओळखते. दुपारपत्तर मान टाकतो हा. तुमच्याकडं आजवर एक दिवस कधी टिकला नाय." तिनं हार नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "बुरशीचा वास येतो. हा ताजा नाय वैनी, हा दमट हाय. ओल्या फडक्यात बांधल्यावर भाजी राहती तसा ऱ्हायलाय."

तेवढ्यात तिच्या पायाशी म्याव ऐकू आलं. कोंडाजीची मनी, देव्हाऱ्यासमोरच्या फरशीवर अंगाची पुरचुंडी करून बसलेली.

"ही इथंच बसती का?"

"हल्ली इथंच असते," पूजा म्हणाली.

"थंडीचं मांजर उन्हात बसतं, नायतर चुलीपाशी. देवघरात ना ऊन, ना चूल. मग हिला इथं काय गोड लागलं?" साळूबाईनं मनीला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि फरशीला तळहात लावला. "अण्णा, या इकडं. हात लावा."

मनी मला नखं लावत होती, तरी तिला तशीच धरून मी गेलो. फरशी कोमट! थंडीच्या दिवसांत, सकाळच्या प्रहरी, फरशी कोमट. मी मनीला घेऊन पुन्हा खुर्चीत बसलो.

मामा पुढं झाले. "अहो बाई, ते सगळं ऱ्हाऊ द्या. भंडारा लाल झालाय, तो दिसतोय का? त्याला काय म्हणायचं?"

"पूजा, कपड्याचा साबण आण गं."

पूजानं साबणाची वडी आणली. साळूबाईनं डबीतला कोरडा भंडारा चिमटीत घेतला, ओल्या साबणावर टाकला आणि बोटानं चोळला. पिवळ्याचं लाल झालं, आमच्या डोळ्यांदेखत.

"वैनी, हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की काय होतं? इतकी वर्षं कपडे धुताय ना?"

नवसाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मामा मात्र खमके. "पण देवघरात साबण आला कुठून?"

"साबण नाय मामा. शिमिटाचा खार. भिंतीतनं पाणी झिरपतं ना, ते शिमिटाचा खार घेऊनच बाहेर येतं. हळदीला खार लागला की ती लाल. आपल्या आज्या कुंकू कशाचं करायच्या? ह्याचंच."

"पण बारकूनं तर टाकी बंद करून पाहिली होती," महेश म्हणाला. लग्नानंतर त्याचं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

साळूबाई कोंडाजीकडे वळली. "भाऊ, भिंत कोणत्या दिवशी जास्त ओली ऱ्हाती आन कोणत्या दिवशी कमी?"

"ते मी कुठं ध्यानात ठेवलंय?"

"बरं, फवारण्या कवा केल्या ते ध्यानात हाय का?"

हे बघा, द्राक्षवाल्याला बायकोचा वाढदिवस आठवणार नाही, पण ढगाळ हवा कधी आली आणि औषध कधी मारलं, ते झोपेतून उठवून विचारा. कोंडाजी लगेच सुरू झाला. "संक्रांतीच्या आधी आभाळ आलं होतं, तवा भुरीच्या रोगासाठी औषध मारलं. मग मधे ऊन पडलं. मग मागच्या आठवड्यात परत ढगाळ, थेंब पडतो का काय म्हणून सगळी रात..."

"त्या दिवशी भिंत कोरडी होती," पूजा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती जरा बिचकली, पण बोलत राहिली. "दोन्ही वेळा. नाना फवारायला गेले होते आणि मी भिंत पुसायला घेतली, तर फडकं ओलं झालंच नाही. मला वाटलं बरं झालं, थांबलं. मग ऊन पडलं आणि पुन्हा सुरू झालं."

"ढग आले की कोरडी," साळूबाई सावकाश म्हणाली, "ऊन पडलं की ओली. पावसाच्या गळतीचं उलटं असतं बया. आता उनाचं पाणी ह्या घरात कुठं हाय?"

मामासकट सगळ्यांच्या माना वर गच्चीकडे झाल्या. सोलर! त्याची टाकी वेगळी, तिची चावी वेगळी. बारकूनं बंद केली ती गार पाण्याची.

"भिंत खोलावी लागंल," साळूबाई म्हणाली.

"नाय!" कोंडाजी एवढ्या जोरात ओरडला की मनी माझ्या मांडीवरून उडाली. "देवाची भिंत हाय. तिच्यावर घाव घालायचा नाय. मी सांगतो, नाय."

आता मी कोंडाजीला इतकी वर्षं ओळखतो. हा माणूस आरतीच्या वेळी हिशेबानं घंटा वाजवतो. याला अचानक देवाच्या भिंतीचा एवढा पुळका? मला वास आला. साळूबाईला माझ्या आधी आला असणार.

"बरं," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "वैनी, च्या टाका. महेश, मामांना अंगणात खुर्ची दे. पूजा, तूही जा आत."

सगळे पांगले. उरलो कोंडाजी, ती आणि आरामखुर्चीतला मी. मी डोळे मिटून घेतले.

"अण्णांना डुलकी लागलीय. बरं झालं," साळूबाई अशा सुरात म्हणाली की मी आता झोपलेलंच राहायचंय, हे मला नीट कळलं. मग आवाज खाली उतरला. "भाऊ, काय घातलंय ह्या भिंतीत?"

"पाइप हाय. दुसरं काय असंल?"

"कुठला पाइप?"

कोंडाजीनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तुमचा मळा मी पाह्यलाय. पाण्याचा पाइप फुटला की तुम्ही त्याला काय बांधता?"

मग कोंडाजी फरशीशी बोलावं तसा बोलला. "सायकलची ट्यूब." आणि मग एकदम, "पाइप चांगला होता गं! बागेतला उरला होता. एकाच ठिकाणी चिरलेला. टाकून द्यायचा का? गवंडी नाय म्हणत होता. तो जेवायला गेला तवा म्याच बांधला ट्यूबनं आवळून आन वरनं माल थापला. तवा कुठं माहीत होतं उकळतं पाणी सोडणार म्हणून?"

"गार पाण्याला चालली असती ट्यूब. गरमानं ढिली पडती, गार झालं की परत आवळती. मग सांगा की बाहेर."

"कुणाला सांगू? मेव्हण्याला? गल्लीला? जन्मभर हसतील. आन हा अण्णा..."

मी झोपेतच राहिलो. एक बारीक घोरणंही काढलं.

"मी नाय सांगणार," साळूबाई म्हणाली. "मी हार देते आन निर्माल्य नेते. घरातलं घरात. पण भाऊ, ती पोरगी एकदा गाडीत बसली ना, की गल्ली ट्यूबला नाय हसणार. तिला पांढऱ्या पायाची म्हणंल. तो ओघळ पुसायला कुठला प्लंबर येणार नाय."

चहा आला. तिनं बशीत ओतून फुर्रकन संपवला आणि पुन्हा एक शब्द काढला नाही. मी तर मनातल्या मनात तिला हलवत होतो, अगं बोल, आत्ता बोल! पण ती कपाची कड पुसत बसली.

मामा आत आले. "चला, ऊन व्हायच्या आत निघू."

पूजा आतून आली. सासूच्या पाया पडली. माझ्या पाया पडली. मला जागं व्हावं लागलं. मग ती कोंडाजीसमोर वाकली, आणि कोंडाजी असा मागं सरकला जसं काही निखारा पायावर पडतोय.

"थांब," तो म्हणाला.

तो मागच्या पडवीत गेला आणि छन्नी-हातोडा घेऊन आला. देव्हाऱ्यापुढे उभा राहिला, टोपी काढली, हात जोडले. कपाटातलं कोरं उपरणं घेतलं, त्यात एकेक करून देवाचे टाक ठेवले. आणि ते उपरणं त्यानं नवसाबाईकडे दिलं नाही, मामाकडे दिलं नाही. पूजाच्या हातात दिलं.

"तू धर."

देव कुणाच्या हातात दिलाय, हे त्या घरात सगळ्यांना कळलं. पूजानं उपरणं छातीशी धरलं.

"आधी घड्याळ काढा," साळूबाई म्हणाली.

महेशनं भिंतीवरचं घड्याळ काढून अंगणात नेऊन ठेवलं. तिनं कान लावला. जिथं ओल होती तिथं नाही; वर, डाव्या हाताला, जिथं भिंत अगदी कोरडी दिसत होती तिथं. मग भंडाऱ्याचं बोट टेकवलं. "हितं."

कोंडाजीनं घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला पोपडा निघाला आणि आतून गरम पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर. वाफाळत्या पाइपावर काळ्या रबराची गाठ स्पष्ट दिसत होती.

"ही गाठ माझी हाय," कोंडाजी मोठ्यांदा म्हणाला. पाणी नाकावरून गळत होतं. "बांधताना म्या मारली. गवंडी नाय म्हणत होता तरी मारली. ह्यात देवाचं काय नाय आन ह्या पोरीचं तर काहीच नाय."

मला वाटतं, तोपर्यंत मी कोंडाजीला फक्त पत्त्यातला भिडू समजत होतो.

नवसाबाईला कंठ फुटला तो मग थांबेना. "जळली मेली तुमची ती काटकसर! सगळं घर मांडवाच्या तारांनी बांधलंत आन देवाच्या पाठीला ट्यूब! माझ्या गरीब गाईसारख्या सुनेला लोकं काय काय बोलली..." कोणती लोकं आणि त्यात पहिलं कोण बोललं, हे तिला कुणी विचारलं नाही. साळूबाईनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

मामा घसा खाकरून म्हणाले, "शेवटी देवानंच दाखवलं म्हणायचं." आणि गाडीची किल्ली खिशात घालून दुसऱ्या चहाला बसले.

"अहो," पूजा महेशला म्हणाली, देव तसेच छातीशी धरून, "वरची चावी बंद करा ना. नाना भिजतायत." आणि ती हसली. त्या घरात ती हसलेली मी प्रथमच पाहिली. महेश जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत पळाला.

बॅग आत गेली. भिंतीत नवा, गरम पाण्याचाच पाइप बसला; तो विकत आणताना कोंडाजीचा चेहरा कसा होता, ते मी दुकानापर्यंत सोबत जाऊन बघितलं. द्राक्षं निघाल्यावर जागरण-गोंधळही झाला, आणि त्यात कोंडाजीनं सगळ्या सोयऱ्यांसमोर ट्यूबची कथा स्वतःच रंगवून सांगितली. म्हणून तर मी ती लिहू शकतो. नाहीतर साळूबाईच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं नसतं. अख्ख्या मखमलाबादच्या भिंतींत काय आहे ते या बाईला ठाऊक आहे, आणि मी तिला इतक्या वेळा चहा पाजूनही मला ते ठाऊक नाही.

भिंत वाळल्यावर देव पुन्हा फळीवर बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर होतो. लुना थांबली तशी पूजा ओझरला निघायच्या घाईत, पर्स खांद्याला अडकवलेली, हातात निर्माल्य घेऊन गेटपर्यंत पळत आली.

"मावशी, सुकला! बघा, पार सुकला!"

साळूबाईनं तो हार नाकाशी नेला, दोन पाकळ्या चुरगाळून पाहिल्या, खसखस वाजल्या. "झ्याक," ती म्हणाली आणि हार टोपलीत टाकला.

मग ती माझ्या ओट्याशी आली. मी हळूच विचारलं, "काय गं साळूबाई, त्या दिवशी तू कोंडाजीला आत काय म्हणालीस नक्की? मला नीट ऐकू आलं नाही."

"कसं येणार ऐकू?" ती लुनाला किक मारत म्हणाली. "तुम्ही तर घोरत होता."